घरचा सर्व्हर

जिनीव्हा शहरानजीक सर्न नांवाची भौतिकशास्त्राच्या संशोधनाची एक मोठी युरोपीय संस्था आहे. १९९० सालच्या अखेरीस तेथील एका टेबलावर काळ्या रंगाचा एक संगणक ठेवलेला होता आणि त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटविलेली होती. हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये, अशा अर्थाचा इशारा तांबड्या शाईनें हातानें लिहून तेथें लावलेला होता. तो संगणक टिम बर्नर्स-ली यांचा. जगांतील पहिलें संकेतस्थळ त्याच्यावर होतें. कोणी चुकून त्याची कळ दाबली असती, तर त्या घटकेपुरतें सबंध वर्ल्ड वाइड वेब बंद पडलें असतें.

या चिठ्ठीवरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, सर्व्हर हा शब्द यंत्राच्या आकाराला लावलेला नसून त्याला नेमून दिलेल्या कामाला लावलेला आहे. टेबलावर मावणारा साधा संगणकहि सर्व्हर होऊं शकतो. दुसरी ही कीं, एकदां तें काम लोकांसाठीं सुरू झालें म्हणजे तेथें चुकण्याची मोकळीक उरत नाहीं. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, तर जो कोणी संकेतस्थळें रचण्याची विद्या शिकूं इच्छितो, त्यानें प्रथम आपल्या घरच्या संगणकावर स्वतःचा सर्व्हर कां उभारावा, याचें उत्तर आपोआप मिळतें.

आजच्या मोठ्या संकेतस्थळांचे सर्व्हर खास बांधलेल्या इमारतींत, थंड केलेल्या हवेंत, रात्रंदिवस चालू असतात. त्यामुळें सुशिक्षित माणसांचाहि असा समज झालेला आढळतो कीं, सर्व्हर म्हणजे कांहीं अवाढव्य आणि खर्चिक वस्तु असून घरसंसाराशीं तिचा संबंध नाहीं. वास्तविक त्याचें काम अगदीं सरळ आहे. ब्राउझर पान मागतो आणि सर्व्हर तें पुरवितो. मागणारा व पुरविणारा हे हजारों मैल दूर असूं शकतात, तसेच ते एकाच पेटींतहि सुखानें नांदूं शकतात. प्रत्येक संगणकाला स्वतःशींच बोलतां यावें म्हणून १२७.०.०.१ हा पत्ता राखून ठेवलेला आहे, व त्याला 'लोकलहोस्ट' असें नांव आहे. या पत्त्यावर धाडलेली मागणी घराबाहेर पडतच नाहीं. संगणकाच्या आंतल्या आंत फिरून तिचें उत्तर परत येतें. एकदां सर्व सामग्री बसवून झाली कीं, इंटरनेट बंद असतांनाहि हा व्यवहार बिनबोभाट चालतो.

आतां याची गरज कोठें पडते, तें एका उदाहरणानें पाहणें बरें. समजा, एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची वीस हजार ग्रंथांची यादी तेथील ग्रंथपालानें अनेक वर्षें खपून संगणकांत उतरविलेली आहे. ती सभासदांना घरबसल्या पाहतां यावी, म्हणून संस्थेनें कॉलेजांतील एका होतकरू विद्यार्थ्यावर संकेतस्थळाचें काम सोंपविलें. विद्यार्थी हुशार खरा, परंतु नवशिका. तो जर थेट लोकांपुढें चालू असलेल्या सर्व्हरवरच फेरफार करूं लागला, तर काय होईल? एक जुनी नोंद काढून टाकण्याची आज्ञा लिहितांना 'अमुक क्रमांकाचीच' ही अट लिहावयाची राहिली, कीं संगणक विचारपूस न करतां वीसच्या वीस हजार नोंदी पुसून टाकील. त्यानें आज्ञा तंतोतंत पाळली असें होईल, आणि ग्रंथपालाची वर्षांची मेहनत एका क्षणांत नाहींशी होईल.

नाटक मंडळी कोणताहि प्रयोग तालमीवांचून लोकांपुढें मांडीत नाहीं. तालमींत नट शब्द विसरतो, चुकीच्या बाजूनें प्रवेश करतो, पेटीवाला भलत्याच सुरांत वाजवितो. पण तिकीट काढून बसलेला प्रेक्षक समोर नसल्यामुळें त्यांतील कोणतीच चूक कोणाला बाधत नाहीं. घरचा सर्व्हर ही संकेतस्थळाच्या तालमीची जागा आहे. मात्र तालीम उपयोगी पडावयाची, तर ती खऱ्या प्रयोगाच्या शक्य तितकी जवळ असली पाहिजे. येथेंच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचें महत्त्व दिसून येतें. कारण जगांतील फार मोठ्या संख्येचे सार्वजनिक सर्व्हर ज्या सामग्रीवर चालतात, तीच सामग्री, कांहींहि न वगळतां आणि एकहि पैसा न देतां, विद्यार्थ्याला आपल्या घरीं आणतां येते.

ही सामग्री कशी जमली, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू हा उपक्रम जाहीर केला. ज्याला सॉफ्टवेअर मिळालें त्याला तें वापरण्याचा, उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्यास देण्याचा हक्क असावा, हें त्याचें तत्त्व. १९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला, व पुढील वर्षीं तो ग्नूच्याच परवान्याखालीं आणला. १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं या सर्वांची नीट जुळणी करून देणारा डेबियन हा प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षाच्या ३० एप्रिल रोजीं सर्ननें वर्ल्ड वाइड वेबचें मूळ सॉफ्टवेअर सर्वांना खुलें करून टाकलें. १९९५ साल तर या बाबतींत विशेष फलदायी ठरलें. इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रांत तयार झालेल्या सर्व्हरवर निरनिराळ्या लोकांनीं केलेल्या दुरुस्त्या एकत्र करून अपाचे हा सर्व्हर त्या वर्षीं निघाला. रासमुस लर्डोर्फ यांनीं स्वतःच्या पानाला कोण भेट देतो हें पाहण्यासाठीं रचलेली पीएचपीचीं साधनें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालीं. आणि मायएसक्यूएल हें माहितीचें कोठारहि त्याच वर्षींचें. मायएसक्यूएलची मालकी २०१० सालीं ओरॅकल कंपनीकडे गेली. तत्पूर्वींच, २००९ सालीं, त्याचे एक मूळ कर्ते मायकल विडेनियस यांनीं त्याची निराळी शाखा काढून तिला आपल्या धाकट्या मुलीच्या नांवावरून मारियाडीबी असें नांव दिलें. मूळ नांवांतील 'माय' हेंहि त्यांच्या थोरल्या मुलीचें नांव होय. परवाना मुक्त होता म्हणूनच मालक बदलला तरी काम थांबलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां प्रत्यक्ष उभारणीकडे वळावें. घरांतील एखादा जुना संगणक या कामास पुरतो. डेबियनची तेरावी आवृत्ति २०२५ सालीं निघाली; ती ६४ बिटी प्रोसेसरवर बसविली जाते, व त्याहून जुन्या ३२ बिटी घरगुती यंत्रांवर तिची नवी स्थापना करतां येत नाहीं. हातीं असलेला संगणक यापैकीं कोणता आहे, तें प्रथम पाहावें. दुसरी खबरदारी अधिक मोलाची आहे. नवी कार्यप्रणाली बसवितांना डिस्कवरील जुना मजकूर पुसला जाऊं शकतो. म्हणून घरच्या मंडळींचीं छायाचित्रें, पत्रें, हिशेब यांची प्रत दुसरीकडे काढून ठेविल्यावांचून पुढें जाऊं नये. तालमीची जागा तयार करतांना घरच मोडलें, असें होतां कामा नये. स्थापना चालू असतां 'रूट' या मुख्य अधिकाऱ्याचा परवलीचा शब्द विचारला जातो. ती जागा रिकामी सोडली, तर पहिल्या वापरकर्त्यालाच गरजेपुरता तो अधिकार 'सुडो' या शब्दानें वापरतां येतो, व घरच्या कामास हीच व्यवस्था सोयीची आहे.

डेबियनमध्यें 'आप्ट' नांवाचा एक कोठावळा आहे. कोठारांत साठ हजारांहून अधिक पॅकेजें आहेत. त्यांतील कोणतें कोणावर अवलंबून आहे याची नोंद त्याच्यापाशीं असते, आणि आणलेल्या मालावर प्रकल्पाची सही आहे कीं नाहीं, हेंहि तो पडताळून पाहतो. म्हणून भलत्यासलत्या ठिकाणाहून सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापेक्षां त्याच्याकडूनच मागावें. प्रथम 'सुडो आप्ट अपडेट' अशी आज्ञा देऊन त्याची यादी ताजी करावी. मग 'सुडो आप्ट इन्स्टॉल' असें लिहून त्याच्यापुढें हव्या त्या पॅकेजांचीं नांवें द्यावीं: अपाचे, मारियाडीबीचा सर्व्हर, पीएचपी, आणि पीएचपीला कोठाराशीं बोलतां यावें यासाठीं लागणारा जोडभाग. कांहीं मिनिटांत हें सर्व आपापल्या जागीं बसतें. त्यानंतर ब्राउझरच्या पत्त्याच्या जागीं 'लोकलहोस्ट' एवढेंच लिहिलें, कीं अपाचेचें एक पान उघडतें व सर्व्हर चालूं लागल्याची वर्दी देतें. लिनक्स, अपाचे, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी, आणि पीएचपी या चौकडीच्या आद्याक्षरांवरून 'लॅम्प' हें नांव १९९८ सालीं एका जर्मन संगणक-नियतकालिकांतील लेखांत प्रथम योजलें गेलें, व तें रूढ झालें.

या चौघांची कामें वांटलेलीं आहेत. वाचनालयाच्या पानावर कोणी ग्रंथकाराचें नांव लिहून शोध घेतला, तर ती मागणी प्रथम अपाचेच्या हातीं येते. साधें चित्र किंवा ठरीव पान असेल, तर तो तें स्वतःच काढून देतो. पण फाईल पीएचपीची असेल, तर तो ती पीएचपीकडे सोंपवितो. पीएचपी मारियाडीबीला प्रश्न विचारतो, मिळालेल्या नोंदींची सुबक यादी रचतो आणि अपाचेमार्फत ब्राउझरकडे धाडतो. लिनक्स या सर्वांना स्मृति, डिस्क व वेळ यांचा वांटा देत असतो. कोण कोणाला काय देतो, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे पुढील बहुतेक अडचणींचा उगम कोठें शोधावा, तें कळूं लागतें.

अडचणी येतात, हें मात्र निश्चित. डेबियनमध्यें संकेतस्थळाच्या फाईली 'व्हार' फोल्डरांतील 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' या फोल्डरांत, त्याच्याहि आंतील 'एचटीएमएल' नांवाच्या फोल्डरांत ठेवतात. विद्यार्थी तेथें 'इंडेक्स' नांवाची आपली पीएचपी फाईल ठेवतो व मोठ्या उत्सुकतेनें ब्राउझर उघडतो. पाहतो तों अपाचेचें जुनेंच पान! याचें कारण असें कीं, त्याच नांवाची एचटीएमएलची फाईल तेथें आधींपासून असते, आणि अपाचेच्या यादींत तिचा मान पहिला असतो. ती बाजूला केली, कीं काम होतें. दुसऱ्या वेळीं पानाऐवजीं पीएचपीची लिहिलेली आज्ञावलीच जशीच्या तशी समोर येते. तेव्हां समजावें कीं अपाचेला पीएचपीची ओळख करून दिलेली नाहीं. तिसऱ्या वेळीं पान कोरें पांढरें दिसतें. नवशिका येथें घाबरतो. परंतु पीएचपी मुकी झालेली नसते. चूक लोकांना दाखवूं नये, अशी तिला सूचना असते, एवढेंच. घरच्या सर्व्हरवर ही सूचना बदलून चूक पानावरच दिसेल अशी व्यवस्था करावी. शिवाय अपाचे आपली एक दोषनोंद लिहीत असतो. कोणती फाईल, कितवी ओळ, काय चुकलें, हें सारें तींत लिहिलेलें सांपडतें. ही नोंद वाचण्याची संवय ज्याला लागली, तो पुढें दुसऱ्याला विचारीत फारसा हिंडत नाहीं.

परवानग्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. लिनक्समध्यें प्रत्येक फाईलीला मालक असतो, गट असतो आणि बाकीचे असतात; या तिघांना वाचणें, लिहिणें व चालविणें यांचे अधिकार निरनिराळे देतां येतात. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन व चालविण्याचा एक असे अंक धरून त्यांची बेरीज करतात. सहाशें चव्वेचाळीस म्हणजे मालकानें वाचावें व लिहावें, इतरांनीं केवळ वाचावें. डेबियनमध्यें अपाचे हा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नांवाच्या वापरकर्त्याच्या रूपानें वावरतो. त्याला एखादी फाईल वाचतां यावयाची, तर त्या फाईलीपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरांतून जाण्याची मुभाहि त्याला हवी. ती नसली म्हणजे 'मनाई' असें पान येतें. अशा वेळीं कंटाळून सर्वच फाईलींना सातशें सत्याहत्तर हा अंक लावून मोकळें होण्याचा मोह पडतो. त्यानें पान दिसूं लागतें हें खरें. पण घराची किल्ली हरवली म्हणून दारच काढून टाकण्यासारखा तो प्रकार आहे. घरीं लागलेली ही संवय विद्यार्थी पुढें सार्वजनिक सर्व्हरवर घेऊन जातो, व तेथें ती महाग पडते.

वाचनालयाची यादी मराठी असल्यामुळें आणखी एक धडा घरीं गिरवावा लागतो. संगणकांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीनें तीन बाइटांत साठविलें जातें. 'मराठी' या शब्दांत म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशीं पांच चिन्हें. म्हणजे बाइट झाले पंधरा. पीएचपीला साध्या रीतीनें या शब्दाची लांबी विचारली, तर ती पंधरा सांगते, आणि लांबलचक ग्रंथनाम वीस बाइटांवर तोडावयास सांगितलें, तर ती एखादें अक्षर मध्येंच चिरते व तेथें अनोळखी ठिपका उमटतो. इंग्रजी नांवांवर तालीम केली असती, तर ही चूक कधींच दिसली नसती. 'एमबी' या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या आज्ञा चिन्हें मोजतात, बाइट मोजीत नाहींत. त्या डेबियनमध्यें 'एमबीस्ट्रिंग' या वेगळ्या पॅकेजांत मिळतात. कोठाराचीहि अशीच काळजी घ्यावी लागते. मायएसक्यूएलच्या परंपरेंत 'यूटीएफ-८' या नांवानें जी जुनी व्यवस्था होती, तींत तीन बाइटांपर्यंतचींच चिन्हें मावत. देवनागरी तींत बसते. परंतु २०१४ सालीं युनिकोडमध्यें समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक अक्षरास चार बाइट लागतात. जुन्या दप्तरांचीं नांवें पुढेंमागें मोडींत नोंदवावयाचीं झालीं, तर ती व्यवस्था अपुरी पडेल. म्हणून 'यूटीएफ-८-एमबी-४' ही चार बाइटांची व्यवस्था आरंभींच ठरवून टाकावी.

घरच्या संकेतस्थळाला नांव काय द्यावें, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तीहि तशी नाहीं. 'होस्ट्स' नांवाच्या फाईलींत १२७.०.०.१ च्या पुढें हवें तें नांव लिहिलें, कीं तो संगणक त्या नांवानें स्वतःलाच ओळखूं लागतो. पुष्कळ दिवस कित्येक कारागीर अशा नांवांच्या शेवटीं 'डॉट डेव्ह' असें जोडीत. तें नांव पुढें खऱ्या इंटरनेटवर गूगल कंपनीकडे गेलें, आणि डिसेंबर २०१७ मध्यें क्रोम ब्राउझरच्या त्रेसष्टाव्या आवृत्तीनें अशा सर्व पत्त्यांवर सुरक्षित जोडणीची सक्ति केली. तेव्हां अनेकांचीं घरगुती संकेतस्थळें अकस्मात् उघडेनाशीं झालीं. वास्तविक चांचणीसाठीं 'डॉट टेस्ट' हें नांव १९९९ पासूनच राखून ठेवलेलें आहे, आणि तें कोणालाहि विकलें जाणार नाहीं. जी जागा आपल्यासाठीं राखलेली आहे तीच वापरावी, म्हणजे पुढें ती सोडण्याचा प्रसंग येत नाहीं.

तालमीच्या खोलीचें दार लावलेलें आहे ना, हें पाहणें हें यानंतरचें काम. डेबियनमधील मारियाडीबी मुळांत घरच्याच पत्त्यावर कान देऊन बसतो. अपाचेचें तसें नाहीं. तो ऐंशी क्रमांकाच्या पोर्टवर सर्व बाजूंनीं येणारी हांक ऐकतो. म्हणजे त्याच वायफायवर असलेल्या दुसऱ्या माणसालाहि तें अर्धवट संकेतस्थळ उघडतां येईल. घरांत याचें विशेष वाटणार नाहीं, परंतु वसतिगृहांत किंवा उपाहारगृहांत तो संगणक नेला म्हणजे वाटेल. अपाचेच्या पोर्टांच्या फाईलींत 'लिसन' या शब्दापुढें केवळ ऐंशी न लिहितां १२७.०.०.१ हा पत्ता, अपूर्णविराम आणि मग ऐंशी असें लिहावें, व अपाचे पुन्हां सुरू करावा. दार बंद होतें. याच कारणास्तव सभासदांचे खरे पत्ते व दूरध्वनि क्रमांक घरच्या संगणकावर आणूं नयेत. तालमीला कल्पित नांवें पुरतात.

एवढी तयारी झाली, कीं विद्यार्थ्याला मन मानेल तशा चुका करण्यास मोकळीक मिळते, आणि येथेंच खरें शिक्षण सुरू होतें. प्रथम त्यानें कोठाराची पूर्ण प्रत काढून ठेवावी. मारियाडीबींत त्यासाठीं स्वतंत्र आज्ञा आहे. मग ती अटीवांचूनची पुसण्याची आज्ञा त्यानें मुद्दाम देऊन पाहावी. वीस हजार कल्पित नोंदी डोळ्यांदेखत नाहींशा होतात. आतां काढलेल्या प्रतीवरून त्या परत आणाव्यात. हें एकदां हातानें केलेल्या माणसाला प्रत म्हणजे काय हें व्याख्यान देऊन सांगावें लागत नाहीं. कित्येक संस्था रोज प्रती काढतात, पण त्यांवरून माहिती परत आणून कधींच पाहत नाहींत. आणि गरज पडते त्या दिवशीं ती प्रत अपुरी निघते.

दुसरा प्रयोग असाच. शोधाच्या जागीं ओ'नील हें आडनांव लिहावें. त्यांतील वरच्या स्वल्पविरामासारख्या चिन्हामुळें पान मोडून पडतें, कारण तें चिन्ह मारियाडीबीच्या प्रश्नाचा भाग समजलें जातें. हें पाहून चतुर विद्यार्थ्याच्या लक्षांत येईल कीं, नांवाऐवजीं कोणी आज्ञाच लिहिली, तर तीहि प्रश्नांत मिसळेल. संकेतस्थळें फोडण्याची ही एक जुनी व अजूनहि चालणारी वाट आहे. प्रश्नाचा सांचा आधीं ठरवून त्यांत नांव मागाहून, निराळें द्यावयाचें, हा त्यावर उपाय. पीएचपींत त्याची सोय आहे. अशा घरफोडीचा प्रयोग स्वतःच्या सर्व्हरवर केला, तर ती विद्या होते. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीवांचून केला, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या सहासष्टाव्या कलमाखालीं तो गुन्हा ठरतो, व त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितलेली आहे. तरुणांच्या जिज्ञासेला घरांत वाव मिळाला, तर ती भलत्या दारीं जाण्याचें कारण उरत नाहीं.

तालीम कितीहि चांगली झाली, तरी प्रयोग तो प्रयोगच. म्हणून काम सार्वजनिक सर्व्हरवर नेण्यापूर्वीं कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. पीएचपी व मारियाडीबी यांच्या आवृत्त्या दोन्हीकडे जुळतात कीं नाहीं. 'एमबीस्ट्रिंग'सारखीं पॅकेजें तेथें आहेत कीं नाहींत. चूक पानावर दाखविण्याची घरची सूचना तेथें बंद केलेली आहे कीं नाहीं. घरचा सोपा परवलीचा शब्द आज्ञावलींत तसाच राहिला तर नाहीं. आणि सभासदांची ये-जा सुरक्षित जोडणीवरून होते कीं नाहीं. विंडोजवर काम करणाऱ्यास आणखी एक ठेंच लागते. तेथें फाईलीच्या नांवांतील इंग्रजी मोठें व लहान अक्षर सामान्यतः एकच मानलें जातें, लिनक्समध्यें तीं दोन वेगळीं नांवें होत. त्यामुळें घरीं दिसणारें चित्र सार्वजनिक सर्व्हरवर गेल्यावर दिसेनासें होतें. तालीमहि लिनक्सवरच करावी, याला हें एक साधें पण बळकट कारण आहे.

मुलांसाठीं संगणक घेणारीं कुटुंबें आज पुष्कळ आहेत. तो बहुधा दुसऱ्यांनीं रचलेलीं पानें पाहण्याच्याच उपयोगीं पडतो. त्याच संगणकावर एक फुकट मिळणारी कार्यप्रणाली आणि चार पॅकेजें बसविलीं, तर पान कसें मागितलें जातें, कसें घडतें आणि कोठें बिघडतें, हें सारें घरच्या टेबलावर पाहावयास मिळतें. यासाठीं वडील मंडळींना संगणकशास्त्र येण्याची गरज नाहीं. पोरानें संगणक बिघडविला, असें न म्हणतां तो त्यानें पुन्हां कसा उभा केला, हें विचारण्याइतकी उसंत त्यांनीं ठेवावी, म्हणजे झालें.

सर्नमधील त्या संगणकावर बंद न करण्याची चिठ्ठी लावावी लागली, कारण त्याच्यावर दुसरे लोक अवलंबून होते. घरच्या सर्व्हरवर तशी चिठ्ठी लावण्याचें कारण नाहीं. तो वाटेल तेव्हां बंद करावा, त्याची जुळणी मोडावी, सर्व पुसून पुन्हां पहिल्यापासून बसवावा. दुसऱ्या वेळीं तेंच काम निम्म्या वेळांत होतें, आणि तिसऱ्या वेळीं तें दुसऱ्यास शिकवितां येतें. वाचनालयाची यादी लोकांपुढें जावयाची ती त्यानंतर.